कृष्णाकाठच्या चमत्कारिक थांब्यांची सफर कशी आखावी : धोम ते मिरज

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सहलीला निघालेली बहुतेक मंडळी महाबळेश्वर, पाचगणी, कास अशी ठरलेली नावे डोक्यात घेऊन निघतात आणि त्या नावांच्या मधला रस्ता केवळ उरकण्याचे अंतर मानतात. पाण्यातल्या कासवावर बसलेला नंदी, कुत्र्याची समाधी, जमिनीखालची हळदीची कोठारे अशा गोष्टींसाठी गाडी थांबवायची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी पुढील आखणी आहे.

पहिले काम म्हणजे एक धागा निवडणे. इंटरनेटवरून जमवलेली पंचवीस ठिकाणांची यादी घेऊन निघाल्यास गाडी दिवसभर उलटसुलट फिरते आणि एकही जागा नीट पाहून होत नाही. या भागात कृष्णा नदी हाच आयता धागा आहे. धोम, वाई, लिंब, माहुली, कराड, सांगली ही गावे नदीच्या काठाने किंवा तिच्या आसपास एकामागोमाग येतात आणि अखेरीस थोडे बाजूला मिरज येते. दुसरे काम म्हणजे थांबा निवडण्याची कसोटी ठरवणे. जागा विचित्र असावी, पण त्या विचित्रपणाचे कारण तिथे उभे राहून डोळ्यांनी पाहता यावे, एवढी एकच कसोटी मी पुरेशी मानतो. या कसोटीवर ढाब्यांसमोरचे सिमेंटचे डायनासोर आणि हृदयाच्या आकाराचे सेल्फी पॉइंट आपोआप गळून पडतात, आणि ते गळलेलेच बरे.

आडवाटा धरून हा प्रवास दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटरचा होतो. त्याला दोन दिवस द्यावेत आणि मुक्काम कराडला करावा. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण पावसाळ्यात घाट पाण्याखाली असतात आणि उन्हाळ्यात दुपारी दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही. मात्र याच महिन्यांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात आणि पुष्कळदा त्यांना मागे दिवा तर सोडाच, साधी लाल पट्टीही नसते. त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचणे हा या सफरीचा पक्का नियम समजावा.

पुण्याकडून येताना सुरूर फाट्यावर महामार्ग सोडून वाईत यावे आणि वाईत न थांबता आधी सात-आठ किलोमीटरवरील धोम गाठावे. तेथील महादेवाच्या मंदिरासमोर कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे, कुंडात मोठे दगडी कासव आहे आणि त्या कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप उभा आहे. कुंडात पाणी असेल तेव्हा कासव मंडप घेऊन तरंगत असल्याचा भास होतो. पाणी नसेल तर घडणीचे बारकावे दिसतात. दोन्ही पाहण्याजोगे आहे, तेव्हा कुंड कोरडे दिसले म्हणून हिरमुसू नये.

परतताना वाईच्या अलीकडे मेणवलीला थांबावे. नाना फडणवीसांचा वाडा पाहायला लोक येतातच, पण आपल्या यादीतली वस्तू वाड्यामागच्या घाटावर आहे. नदीकाठच्या लहानशा देवळात एक अजस्र घंटा टांगलेली असून तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती व १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर येथेही अशा घंटा आहेत. घंटेकडे सकाळी लवकर जावे, कारण उजेड तिरपा असताना उठावाचे काम अधिक स्पष्ट दिसते. ती वाजवून पाहण्याचा मोह मात्र आवरावा.

वाईचा ढोल्या गणपती प्रत्येकाला ठाऊक असतो, तरीही तो या यादीत आहे, कारण येणारे बहुतेक जण त्याची विशेष बाजू न पाहताच परततात. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. मंदिर थेट कृष्णेच्या घाटावर असल्याने पुराचे पाणी सपाट भिंतीवर आदळले असते तर बांधकाम टिकले नसते. निमुळत्या भिंतीमुळे प्रवाह दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. दर्शन झाल्यावर मंदिराला वळसा घालून नदीच्या बाजूने मागे जावे आणि प्रवाह ज्या दिशेने येतो तिकडे पाठ करून भिंतीसमोर उभे राहावे. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्याने पाण्याचा विचार कसा केला असेल, हे तिथे कोणी न सांगता समजते.

वाईहून पाचवडमार्गे पुन्हा महामार्गाला लागावे आणि आनेवाडीचा टोलनाका ओलांडल्यावर लिंब फाट्याला वळावे. लिंबची बारा मोटेची विहीर ही या संपूर्ण सफरीतली सर्वांत मोलाची जागा असून तिच्यासाठी किमान दीड तास राखून ठेवावा. मोट म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी उपसण्याची मोठी पिशवी. मुख्य विहीर अष्टकोनी आहे, तिला जोडून लांबट उपविहीर आहे आणि दोहोंच्या मध्ये चक्क एक छोटा महाल बांधलेला आहे. वरून पाहिल्यास सगळ्याचा आकार शिवलिंगासारखा दिसतो. विहिरीची खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट सांगितला जातो. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेल्यावर महालाच्या जिन्याने वर यावे, म्हणजे मोटांच्या जागा जवळून पाहता येतात. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्यासाठीच्या उतरत्या वाटेवरून, उतरत जात, मोट वर येऊन थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडीत, रिकामी होई आणि पाणी पाटाने आमराईकडे जाई, ही सगळी यंत्रणा दगडांच्या रचनेवरून आजही वाचता येते. नावात बारा असले तरी जागा पंधरा मोटांची आहे. मुलांना बरोबर नेले असेल तर ती मोजण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे.

येथे एक खबरदारी घ्यावी. विहीर १६४१ ते १६४६ मध्ये बांधली, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. शिलालेखातले ते आकडे शकाचे आहेत. त्यांत ७८ मिळवले की इ. स. १७१९ ते १७२४ हा काळ येतो आणि तो छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीशी व विहीर बांधवून घेणाऱ्या वीरूबाई भोसले यांच्याशी नीट जुळतो. जुन्या वास्तूंवरच्या प्रत्येक आकड्याला हा प्रश्न विचारण्याची सवय या रस्त्यावर फार उपयोगी पडते.

साताऱ्यात कंदी पेढे घेऊन शहराबाहेर कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर जावे. संगम माहुलीच्या घाटाजवळ राजघराण्यातील समाध्यांच्या सान्निध्यात शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना वाघापासून वाचवले आणि म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी हकिकत सांगतात. समाधीवर कुत्र्याची दगडी मूर्ती आहे. ती लहान आहे आणि तिच्याकडे बोट दाखवणारे मोठे फलक नाहीत, म्हणून घाटावरच्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारावे. रस्ता तर कळतोच, शिवाय हकिकतीचा आणखी एखादा पाठभेदही पदरात पडतो. पलीकडच्या काठावरचे क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव.

सातारा ते कराड हा पट्टा महामार्गाने सरळ पार करावा. पावसाळ्यातच निघणाऱ्यांनी मात्र तारळे-पाटण रस्त्यावरच्या सडावाघापूरला वाट वाकडी करावी, कारण कड्यावरून पडणारे पाणी तिथे दरीतून येणाऱ्या वाऱ्याने उलटे वर उडते. वारा पडला की खेळ थांबतो. दाट धुक्यात तो रस्ता टाळावा आणि कड्याच्या टोकाशी जाऊ नये.

कराडला सूर्यास्तापूर्वी तासभर तरी पोहोचावे. महाबळेश्वराच्या एकाच डोंगरातून निघालेल्या कृष्णा आणि कोयना वेगवेगळ्या खोऱ्यांतून येऊन प्रीतिसंगमावर एकमेकींना समोरासमोर भेटतात आणि मग काटकोनात वळून पूर्वेकडे जातात. नद्या सहसा तिरक्या येऊन मिळतात. अशी समोरासमोरची भेट फार क्वचित होते. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच काठावर आहे. संगमाच्या पाण्यात उतरू नये, कारण दोन प्रवाहांच्या ओढीचा अंदाज वरून येत नाही. वेळ उरल्यास पंताच्या कोटातली नकट्या रावळ्याची विहीर पाहावी. रात्री जेवायला अख्खा मसूर.

दुसऱ्या दिवशी पेठ नाक्याचा वेगवान रस्ता सोडून शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, पलूस, तासगाव असे जावे. किर्लोस्करवाडी ही लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर वसवलेली वसाहत आहे. ती गाडीतून पाहिली तरी पुरे. तासगावला मात्र उतरावे. द्राक्षे आणि बेदाणे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात गणपती मंदिरापुढे दाक्षिणात्य धाटणीचे सात मजली गोपूर उभे आहे आणि भोवतालच्या मराठी बाजारपेठेत ते अगदी परक्या मुलखातून आल्यासारखे वाटते. हे मंदिर बांधवून घेणारे पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या कर्नाटकातील स्वाऱ्या लक्षात घेतल्या की कोडे सुटते.

सांगलीत आयर्विन पुलाशी थांबावे. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळची फुटांमधली पाणीपातळी पावसाळ्यात सारा जिल्हा तासातासाला विचारत असतो. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. पुलाचे खांब पाहताना हे आकडे मनात ठेवावेत आणि मग काठावरच्या घरांकडे पाहावे.

तिथून जवळच, कृष्णा-वारणा संगमावर हरिपूर आहे. येथील घट्ट, कोरड्या जमिनीत वर अरुंद तोंड आणि खाली रुंद पोट अशी पेवे खणून हळद वर्षानुवर्षे साठवत. हवा आत जात नसल्याने कीड लागत नसे, आणि त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतू शकते. म्हणून आधी ते बराच वेळ उघडे ठेवत आणि कंदील सोडून हवा तपासत. २००५ च्या पुराने अनेक पेवे निकामी केली व साठवण गोदामांकडे वळली. पेवांची जागा खासगी मालकीची असते, त्यामुळे व्यापाऱ्याची किंवा शेतकऱ्याची परवानगी घेऊनच जावे, झाकणावर उभे राहू नये आणि लहान मुलांचा हात सोडू नये.

शेवटचा थांबा मिरजेचा. ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरातील सतारमेकर गल्लीत पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेले मोठाले भोपळे दुकानांत टांगलेले दिसतात आणि आत त्यांच्या सतारी व तंबोरे होत असतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हा व्यवसाय उचलला. शस्त्रांची मागणी घटल्यावर हातातले कसब लाकडाकडे वळले. दुपारी चारच्या सुमारास जावे, काम चालू असताना दारातूनच विचारावे, तारांना हात लावू नये आणि कारागीर जवारी काढत, म्हणजे तारेचा झंकार जुळवण्यासाठी घोडी घासत, असेल तर बोलण्याची घाई करू नये, कारण ते काम पूर्णपणे कानावर चालते. खरेदी करायची नसेल तर तसे आधीच सांगावे. त्याने कोणी रागावत नाही आणि दोघांचाही वेळ वाचतो. परतीसाठी सांगलीत भडंग घेऊन आष्टा, पेठ नाकामार्गे महामार्ग गाठावा. त्या रस्त्यावर कारखान्यांची वाहतूक सर्वाधिक असते, म्हणून मिरजेतून पाचच्या आत निघावे किंवा सरळ तिथेच मुक्काम करून पहाटे निघावे.