एआरटीच्या गोळ्या: या चुका टाळा

सोलापुरात समुपदेशकाच्या खुर्चीत बसून मला बरीच वर्षं झाली. देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत गोळ्या चालू केलेली माणसं आज नातवंडं कडेवर घेऊन येतात. गोळी कामाची आहे, घोळ आपण घालतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे "रिपोर्टात विषाणू सापडला नाही, म्हणजे रोग गेला." यंत्रमागावर काम करणारे एक मामा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती ते सांगणारा, कागद चक्क लॅमिनेट करून घेऊन आले. "मॅडम, गेलाय की ओ सगळा!" म्हटलं, मामा, रक्तात मोजण्याइतका उरला नाही एवढंच, पेशींत दडून बसलाय, गोळी थांबली की उठतो. त्यांनी मान डोलावली. मग भिवंडीला कामाला गेले आणि गोळ्या बंद. तब्येत ठणठणीत, शिवाय खोलीतल्या पोरांनी बाटली बघितली तर? अकरा महिन्यांनी, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, बायकोच्या खांद्यावर हात टाकून आले. वजन ३९ किलो, टीबी झालेला. टीबीचं रिफाम्पिसिन एआरटीतल्या डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाचा जोर कमी करतं, म्हणून डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा, वर टीबीच्या गोळ्या वेगळ्या. वाचले, पण मागावर उभं राहायला वर्ष गेलं. पिशवीत तो लॅमिनेट केलेला कागद तसाच होता.

"शरीराला मधे आराम" हेही डोक्यातून काढा. साडेपाच हजारांच्या आसपास लोकांवरच्या स्मार्ट नावाच्या अभ्यासात सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) बघून गोळ्या थांबवणाऱ्यांत आजार आणि मृत्यू जास्त निघाले. २००६ मध्ये तो प्रयोगच थांबवावा लागला. बाहेरगावी जायचंय? आधी सांगा, तिथल्या सेंटरला नोंद हलवता येते.

दुसरं दुखणं बाटलीचं. कोणी बघू नये म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत आणि ओल शोषणारी छोटी पुडी कचऱ्यात! वर ४३ अंशाच्या उन्हाळ्यात ठेवायची जागा कुठली, तर पत्र्याखालची फळी नाहीतर गाडीची डिकी. मी सांगते, लेबलावर साधा कागद चिकटवा, पण बाटली तीच ठेवा, माठाजवळच्या सावलीत, ओल लागणार नाही अशी.

अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं अॅसिडिटीचं औषध डोल्युटेग्रॅव्हिरसोबत घेऊ नका. गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम, लोह मात्र जेवणासोबत एकत्र चालतं.

अंगदुखीला मेडिकलमधून रोज पेनकिलर आणणाऱ्यांनो, एआरटीतल्या टेनोफोव्हिर या औषधावर असताना किडनीवर दुहेरी मार बसतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस बघावा लागतो.

तंबाखूवर बोललं की सगळे खिडकीबाहेर बघतात. एचआयव्ही आवरलेला माणूस हार्ट अटॅकने जातो, ते मला जास्त लागतं.

आणि एखादी गोळी चुकली तर आठवल्यावर घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही. अलार्म लावतात आणि झोपेत बंद करतात. मी रात्रीच्या भाकरीच्या ताटाशेजारी बाटली ठेवायला लावते.