माळ्यावर टर्बो बसवण्याआधी या चुका टाळा

मार्च संपला की एकच मागणी सुरू होते: "पत्र्यावर टर्बो बसवून द्या." टर्बो म्हणजे वाऱ्यानं फिरून आतली गरम हवा बाहेर काढणारा छपरावरचा गोल पंखा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कारखान्यांच्या छपरावर तो गरागरा फिरताना बघितलेला असतो, मग आपल्याही घरावर पाहिजे. माळ्यात हवा आत कुठून येणार, असं विचारलं की माणूस गप्प.

सगळ्यात मोठी चूक हीच. गरम हवा आढ्याकडून बाहेर जायची तर तेवढीच हवा खालून, वळचणीतून म्हणजे छपराच्या खालच्या कडेतून आत यायला पाहिजे. गुऱ्हाळाच्या शेडला बाजू उघड्या असतात म्हणून वाफ वर निघून जाते, तसंच हे. जुन्या मंगलोरी कौलांच्या घरात प्रश्नच नव्हता, फटीफटीतून वारा खेळायचा. आता कौलं उतरवून पत्रा घालायचा, उंदीर-पारव्यांच्या भीतीनं वळचण बुजवायची, खाली पीओपी मारायचं आणि मग म्हणायचं माळा कोंडतोय.

फुलेवाडीत एका घरी दुसऱ्या कुणीतरी चोवीस इंची टर्बो बसवला होता. मालकाचा फोन आला, "मामा, फिरालाय झकास, पण माळा तापालाय तसाच. आणखी एक टाकूया काय?" जाऊन बघतो तर वळचण चारी बाजूंनी सिमेंटनं लिंपलेली. टर्बो हवा ओढत होता माळ्याच्या झडपेच्या फटीतून, म्हणजे घरातली. खाली एसीचं बिल, वर गार हवा आभाळात, आणि माळ्यावरच्या गाद्यांना फोडणीचा वास. मालकाला पटेना. झडपेशी उदबत्ती धरली, धूर सरळ फटीत ओढला गेला. मग दोन्ही लांब बाजूंची वळचण फोडून जाळी बसवली आणि झडपेच्या कडेला रबर लावलं. दुसरा टर्बो लागला नाही.

माप सोपं आहे. माळ्याच्या क्षेत्रफळाचा 300 वा भाग मोकळी जागा धरा, निम्मी खाली, निम्मी वर. 600 चौरस फुटांच्या माळ्याला एकूण 2 चौरस फूट. चोवीस इंची टर्बोचा गळाच 3 चौरस फुटांच्या वर जातो, त्यामुळं घराला कारखान्याचं माप कशाला? वर कमी आणि खाली जास्त झालं तर चालतं, उलटं नको. जाळीनं जागा कमी होते, म्हणून मी खालचं भोक दुप्पटच कापतो.

दुसरी चूक पावसाळ्यातली. जूनमध्ये शिंतोडे आले की लोक सगळ्या जाळ्यांवर ताडपत्री ठोकतात आणि ती दिवाळीलाच निघते. आत वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकाची वाफ, सगळं कोंडून वाशांना बुरशी. आपल्याकडं पावसाचा वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. तेवढीच बाजू झाका, पूर्वेकडची उघडी ठेवा. खाली झुकलेल्या पट्ट्यांचं लूव्हर बसवलं तर तेही करायला लागत नाही. मात्र जुलैत बाहेरची हवाच ओली असते. त्या महिन्यात माळा कोरडा खडखडीत होईल, ही आशा सोडा.

बाथरूमचा किंवा चिमणीचा पाइप माळ्यात सोडू नका, छपराबाहेर काढा. टर्बोशेजारी विजेचा एक्झॉस्ट लावू नका, तो टर्बोमधूनच हवा ओढतो आणि माळ्याचा कोपरा तसाच राहतो. डासांची बारीक जाळी धुळीनं सहा महिन्यांत बुजते, उंदीर अडेल एवढीच घ्या.

आणि ज्यांना एका दिवसात गारवा पाहिजे, त्यांनी ऐकून ठेवा: हवा खेळली तरी तापलेल्या पत्र्याची धग खाली येतेच. तिच्यासाठी पत्र्याखाली चकचकीत फॉइलचं इन्सुलेशन लागतं, पत्र्यापासून बोटभर अंतर सोडून आणि चकचकीत बाजू त्या मोकळ्या जागेकडं करून. माझ्याकडं आधी वळचण, मग फॉइल, टर्बो सगळ्यात शेवटी. निम्म्या घरांत त्याची पाळीच येत नाही.