दोन मॉनिटर लावल्यावर चित्र फाटतंय? या चुका टाळा

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांमधली बरीच मंडळी आता आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये ऑफिसचा लॅपटॉप आणि शेजारी स्वतःच्या खर्चाने घेतलेला मोठा मॉनिटर, असं टेबल आता घरोघरी दिसतं. त्या नव्या स्क्रीनवर व्हिडिओ लावला की चेहऱ्याचा वरचा भाग एकीकडे, खालचा जरा सरकलेला आणि मधून आडवी चीर. हेच टिअरिंग. बहुतेक जण लगेच मॉनिटर बदलून मागायला दुकान गाठतात. ही पहिली चूक.

मॉनिटरचा दोष इथे क्वचितच असतो. 60 हर्ट्‌झचा म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा मॉनिटर दर 16.7 मिलिसेकंदांनी वरून खाली नवं चित्र रंगवतो. तो अर्ध्यावर असतानाच ग्राफिक्स कार्डाने पुढची फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, दिली, की वर जुनी आणि खाली नवी दिसते. 144 हर्ट्‌झला तोच वेळ सुमारे 6.9 मिलिसेकंद. असे दोन शेजारी ठेवले की कार्डाला दोन ताल सांभाळावे लागतात.

आधी एक साधी परीक्षा करा. एखादी अरुंद, उंच विंडो वरच्या पट्टीला धरून वेगाने डावीकडे-उजवीकडे हलवा आणि तिची उभी कड बघा. विंडोज 8 पासून डेस्कटॉपचं चित्र आधी पूर्ण जुळवूनच स्क्रीनकडे जातं, त्यामुळे इथे कड सहसा तुटत नाही. तुटत असेल, तर ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा मधला अ‍ॅडॅप्टर यांच्यावर संशय घ्या. फक्त गेममध्येच तुटत असेल, तर व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावरच पाठवणारी सेटिंग) चालू आहे का बघा. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात चीर येतच नाही. मोबाईलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढा.

सगळ्यात जास्त घोळ यूएसबीतून एचडीएमआय काढणाऱ्या अ‍ॅडॅप्टरचा. डिस्प्लेलिंक चिप असलेले अ‍ॅडॅप्टर चित्र प्रोसेसरकडून कॉम्प्रेस करून घेतात आणि मग पुढे पाठवतात. मीटिंग, एक्सेल आणि व्हिडिओ एकदम चालू झाले की ते मागे पडतात. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल, किंवा डिस्प्ले देणारा यूएसबी-सी असेल, तर मॉनिटर थेट तिथेच लावा. जुन्या एचडीएमआय 1.4 डॉकवर (लॅपटॉपला जादा पोर्ट देणाऱ्या डबीवर) फोर-के फक्त 30 हर्ट्‌झला चालतं. तिथे चित्र फाटत नाही, अडखळतं. हा फरक ओळखला नाही, तर उपाय भलत्याच गोष्टीवर होतो.

डेस्कटॉपवाल्यांनी मागे वाकून बघावं: यूएसबी पोर्टांशेजारचा एचडीएमआय मदरबोर्डचा असतो, ग्राफिक्स कार्डाचे पोर्ट खाली वेगळे. एक केबल इथे, एक तिथे, असं करू नका.

सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून प्रत्येक मॉनिटरचा रिफ्रेश रेट (तोच हर्ट्‌झचा आकडा) स्वतंत्रपणे तपासा. 144 चा मॉनिटर 60 वरच राहिलेला सर्रास आढळतो. वेगवेगळ्या रेटचे मॉनिटर सांभाळण्यात विंडोज 10 च्या 2020 मधल्या ‘2004’ क्रमांकाच्या आवृत्तीने बरीच सुधारणा केली, तेव्हा जुन्या आवृत्तीवर असाल तर आधी अपडेट करा. तरीही त्रास राहिला, तर 144 ऐवजी 120 ठेवून बघा. 60 ची बरोबर दुप्पट असल्याने जुळणी सोपी जाते. ऑफिसच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकायची परवानगी नसेल, तर आयटीकडे तिकीट टाका, परस्पर खटपट नको.

गेम खेळणाऱ्यांनी फ्रीसिंक किंवा जी-सिंक (मॉनिटरचा ताल कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) मॉनिटरच्या मेन्यूतही चालू आहे का ते बघावं, आणि फ्रेम रेटची मर्यादा मॉनिटरच्या कमाल रेटपेक्षा थोडी खाली ठेवावी. लिनक्सवर चित्र दाखवणारी जुनी एक्स11 यंत्रणा असेल, तर लॉगिन करताना तिच्याऐवजी नवं वेलँड सेशन वापरून बघा.

एकच अपवाद. रेघ स्थिर चित्रावरही त्याच जागी दिसत असेल, तर मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा. तो मेन्यू मॉनिटरच रंगवतो. रेघ त्याच्यावरूनही जात असेल, तर दोष मॉनिटरचाच. बिल काढा आणि वॉरंटीत तक्रार नोंदवा.