कोकणातलं धनुष्य थंडीच्या मैदानावर नेताना

रत्नागिरीत जानेवारीतसुद्धा दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा) वारा सुटला की गारवा जाणवतो, दापोली किंवा आंबोलीला तर चांगली हुडहुडी भरते, पण ती तासा-दोन तासांची. खरी थंडी गाठते ती बाहेरगावच्या स्पर्धेत. पंजाब-हरियाणात, पतियाळा-सोनिपतकडे जानेवारीची सकाळ ५-६ अंशांची, वर धुकं. घरचं धनुष्य, घरचे बाण, साइटची (नेम धरायच्या पिनची) खूणही घरचीच, तरी बाण खाली पडतात. अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा लिंब बोल्टकडे (धनुष्याच्या पात्यांचा, म्हणजे लिंबांचा, ताण कमी-जास्त करणाऱ्या बोल्टकडे) जातो, आणि नेमका तोच जायला नको. बोल्ट पिळला की पाउंडेज (खेचीचा जोर), टिलर (वरच्या-खालच्या लिंबपासून स्ट्रिंगचं अंतर), ट्यूनिंग सगळंच हलतं आणि मूळ दोष कुठे होता ते कळायची सोय उरत नाही.

आधी बाण किती खाली पडतो आहे ते मोजा. निम्मं निदान त्या आकड्यातच असतं.

हवेचा वाटा किती

थंड हवा दाट असते. कोरडी हवा समुद्रसपाटीला ३० अंशांवर घनमीटरला साधारण १.१६ किलो भरते, ५ अंशांवर १.२७. कोकणातली दमट हवा अंगाला जड वाटते म्हणून ती बाणाला जास्त अडवत असेल, असा समज आहे. प्रत्यक्षात उलट आहे. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते. पतियाळा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर आहे, तेवढी उंची वजा केली तरी तिथली सकाळची हवा रत्नागिरीच्या दुपारपेक्षा ६ ते ८ टक्के दाट धरायला हरकत नाही.

याचा बाणावर परिणाम किती? २० ग्रॅमचा, साडेपाच मिलिमीटर जाडीचा बाण टोकं पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्यातून सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटला, तर ७० मीटरवर पोचेपर्यंत हवा त्याचा सुमारे दहावा भाग वेग खाते. हवा ७ टक्के दाट झाली तर टार्गेटवर पोचतानाचा वेग आणखी अर्ध्या मीटरपेक्षाही कमीच घटतो. हिशेबाने बाण साधारण ३ ते ४ सेंटिमीटर खाली लागतो. १२२ सेंटिमीटरच्या टार्गेट फेसवर एका गुणाचं वर्तुळ ६.१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम एक गुण. डोळ्यापासून साइट पिन ९० सेंटिमीटरवर असेल तर पिन पाऊण मिलिमीटरच्या आतच खाली घ्यावी लागते. कंपाउंडला (चाकं आणि केबल असलेल्या धनुष्याला) ५० मीटरवर हा फरक सेंटिमीटरभरही नाही, कारण बाण वेगवान आणि हवेत राहतो तो काळ कमी.

पुण्याचं गणित मात्र चकवतं. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी. त्यामुळे पुण्यातली १० अंशांची सकाळ आणि रत्नागिरीची ३० अंशांची दुपार, दोन्हीकडे हवेची घनता जवळपास सारखीच निघते. तेव्हा बालेवाडीच्या थंडीत बाण वीतभर खाली जात असेल तर हवेला दोष देऊ नका.

आता दुसरा आकडा पाहा. सुटतानाचाच वेग सेकंदाला ६० वरून ५९ मीटरवर आला, तर ७० मीटरवर बाण सुमारे २५ सेंटिमीटर खाली लागतो. म्हणून एवढं लक्षात ठेवा: पाचेक सेंटिमीटरपर्यंतचा फरक हवेचा, तो साइटवर काढायचा. वीस-पंचवीसचा फरक धनुष्यात, स्ट्रिंगमध्ये किंवा तुमच्या अंगात आहे, तो शोधून काढायचा.

घरून निघण्यापूर्वी

वहीत हे आकडे नोंदवा: ब्रेस हाइट (मुठीपासून स्ट्रिंगचं अंतर), वरचा-खालचा टिलर, नॉकिंग पॉइंटची (स्ट्रिंगवर बाण लावायच्या जागेची) उंची, पूर्ण खेचल्यावरचं पाउंडेज, प्रत्येक अंतराची साइट खूण, आणि क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) मिळत असेल तर पाच बाणांचा सरासरी वेग. शेजारी त्या वेळचं तापमान. हे नसेल तर परगावी नुसत्या अंदाजावर भागवावं लागतं. धुक्यात, मंद उजेडात साधा क्रोनोग्राफ चुकीचे आकडे देतो किंवा काहीच दाखवत नाही. इन्फ्रारेड दिवे असलेला असेल तर बरं. त्याची बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, जोडीला नवी ठेवा.

स्ट्रिंगबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. आजकालच्या बहुतेक स्ट्रिंग डायनिमासारख्या कृत्रिम धाग्याच्या असतात आणि हा धागा बहुतेक पदार्थांच्या उलट वागतो: तापला की लांबीला किंचित आखडतो, थंड झाला की किंचित लांबतो. पावणेदोन मीटरच्या स्ट्रिंगला २५ अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटर. त्याच वेळी ॲल्युमिनियमचा रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) तिसरा हिस्सा मिलिमीटर आखडतो. दोन्ही मिळून ब्रेस हाइट किंचित उतरते. एक-दोन मिलिमीटरचा हा फरक बो स्क्वेअर ही मोजपट्टी लावल्याशिवाय दिसायचा नाही. स्ट्रिंग काढून दोन-तीन पीळ दिले की काम होतं.

खरं नुकसान मात्र थंडीत होत नाही, ते घरीच होऊन गेलेलं असतं. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत पारा साठीच्या पुढे जातो, आणि ताणलेला डायनिमा उष्णतेत कायमचा लांबत जातो. एप्रिल-मे गाडीच्या डिकीत काढलेली स्ट्रिंग जानेवारीत दगा देते आणि बोल मात्र थंडीला लागतो. स्पर्धेला नवी स्ट्रिंग न्यायची असेल तर आधी घरी दोनशे-तीनशे बाण मारून ती बसवून घ्या. कंपाउंडवाल्यांनी केबल आणि कॅमवरच्या (टोकांच्या चाकांवरच्या) खुणा एकमेकींशी जुळतात का ते पाहावं. पीप (स्ट्रिंगमधलं नेम धरायचं छिद्र) फिरला असेल तर केबल किंवा स्ट्रिंग लांबली समजावं.

मेण घरीच लावा, पातळ हातानं. थंडीत मेण घट्ट होतं आणि सर्व्हिंगजवळ (स्ट्रिंगवर गुंडाळलेल्या जादा धाग्याजवळ) साचलेला थर नॉक (बाणाच्या मागची प्लॅस्टिकची खाच) धरून ठेवतो. नॉकची परीक्षा सोपी आहे. बाण स्ट्रिंगला लावून टोक जमिनीकडे करा, नॉकपासून दोन-तीन सेंटिमीटरवर स्ट्रिंगला बोटानं टिचकी मारा. बाण सुटून पडला पाहिजे. दोन-तीन टिचक्यांनीही पडत नसेल तर पकड घट्ट आहे. थंडीत प्लॅस्टिक आखडून ती आणखी घट्ट होते आणि वेग तिथेच कमी होतो. हीच परीक्षा तिकडच्या मैदानावर पहाटे पुन्हा करा. ठिसूळ होऊन तडकलेले नॉक ओळखायला नखाने कडा चाचपून पाहायची. डझनभर जादा नॉक जवळ असू द्या.

पॉइंट (बाणाची टोकं) हॉट मेल्टने, म्हणजे तापवून लावायच्या गोंदाने, बसवलेले असतील तर ते घरीच पुन्हा तपासा. थंडीत हा गोंद कडक आणि ठिसूळ होतो. गारठ्यानं घट्ट झालेल्या टार्गेटमधून बाण ओढताना पॉइंट आतच राहतो. पॉइंट काढून गोंदाचे जुने थर खरवडा, आतून नळी स्पिरिटने पुसा, नवा गोंद लावून पॉइंट फिरवत बसवा. कार्बनच्या नळीला थेट ज्योत दाखवू नका. पॉइंट चिमट्यात धरून तापवा.

वेन (बाणाच्या मागचे पंख) चिकटवण्याचं काम कोकणात एक आणि उत्तरेत दुसरंच. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर सुकतो. म्हणून आपल्याकडे तो चुटकीसरशी धरतो आणि कडेला पांढरी बुरशीसारखी झाक सोडतो. कोरड्या थंडीत तोच गोंद बराच वेळ ओला राहतो. स्पिन वेनची दुहेरी टेप थंड नळीवर नीट धरत नाही. दुरुस्ती करायचीच झाली तर बंद, उबदार खोलीत करा, नळी हातात धरून थोडी ऊब येऊ द्या.

बांबूच्या धनुष्याचं वेगळं आहे

इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारातली मुलं बांबूच्या धनुष्याने ५० आणि ३० मीटरवर मारतात. तिथे तापमानापेक्षा ओलाव्याचा प्रश्न मोठा. कोकणच्या पावसाळ्यात बांबू ओल धरतो, मऊ पडतो आणि बाणाचा वेग मंदावतो. तेच धनुष्य डिसेंबरात घाटावरच्या कोरड्या वाऱ्यात गेलं की सुकतं, ताठ होतं, आणि ठिसूळही. म्हणजे पहिल्या दिवशी बाण वर जाऊ शकतात, आणि पहिल्याच जोरदार खेचीत पातं तडकूही शकतं.

उपाय घाईचा नाही. जून, नीट सुकलेला बांबू निवडावा. पावसाळ्यात धनुष्य पडवीत भिंतीला टेकवून ठेवू नये. स्ट्रिंग उतरवून माळ्यावर आडवं, दोन ठिकाणी आधार देऊन ठेवावं. चुलीच्या धुरात बांबू टिकतो हे खरं, पण चिकटवलेल्या थरांचं धनुष्य धगीजवळ ठेवलं तर सांधे सुटतात. आधी उघडा बांबू बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर वार्निशचे दोन पातळ हात, मधे एक दिवस सोडून. टोकं आणि स्ट्रिंगच्या खाचा विसरू नका, ओल तिथूनच शिरते.

मैदानावरची पहाट

१. धनुष्य गरम खोलीतून आणून लगेच मारू नका. जोडून, स्ट्रिंग चढवून अर्धा-पाऊण तास मैदानावरच राहू द्या, दवापासून झाकून. तापमान स्थिर झालं की ब्रेस हाइट मोजा.

२. बाण न लावता, स्ट्रिंग हातातून न सोडता, सात-आठ वेळा निम्मं खेचा, मग पाऊण, मग पूर्ण. थंडीत इपॉक्सी आणि लाकडाचा गाभा ताठ असतो, पहिला धक्का पूर्ण जोराचा नको. रिकामी स्ट्रिंग सोडणं कधीच नको, थंडीत तर नाहीच.

३. कापसाचा बोळा लिंबच्या कडांवरून फिरवा. धागा अडकला तिथे तड किंवा सुटलेला तंतू आहे.

४. कार्बन बाण दोन्ही हातांत धरून हलकासा वाकवा, फिरवत फिरवत कानाशी न्या. करकर ऐकू आली तर तो बाण बाजूला.

५. पहिले सहा बाण ३० मीटरवर, फक्त गट पाहायला. गट नेहमीसारखा घट्ट आणि फक्त खाली असेल तर साइट हलवा. गटच पसरला असेल तर साइटला हात लावू नका.

धनुष्य तापवायला शेगडी किंवा हीटर जवळ करू नका. एका बाजूने तापलेली लिंब पिळली जाते आणि ती सरळ होईलच असं नाही.

मोठा फरक कुठून येतो

बहुतेक वेळा कपड्यांतून. जाड जाकीट छातीशी फुगतं, स्ट्रिंग त्याला घासते, बाण खाली आणि आडवा दोन्ही जातो. एक जाड थर घालण्यापेक्षा अंगाला घट्ट बसणारं थर्मल, त्यावर बिनबाह्यांचं जाकीट घाला. चेस्ट गार्ड आणि आर्म गार्ड सगळ्या कपड्यांच्या वरून, आतून नाही. शंका असेल तर बाहीला खडूची भुकटी लावून तीन बाण मारा; रेघ उमटली तर स्ट्रिंग लागते आहे.

दुसरं कारण अपुरी खेच. गारठलेली पाठ पूर्ण उघडत नाही. इंडियन राउंडमध्ये क्लिकर (खेच पूर्ण झाली की टिक वाजणारी पट्टी) नसतो, त्यामुळे अर्धा इंच कमी खेचलं गेलं तरी कळत नाही. ४० पाउंडांच्या आसपास त्या अर्ध्या इंचाचा अर्थ एक पाउंड आणि सुटतानाचा वेग सेकंदाला एक मीटरभर कमी. वरचे २५ सेंटिमीटर आठवा. बाणावर बारीक रेघ ओढून जोडीदाराला बाजूने पाहायला सांगा. रिकर्व्हवाल्याला क्लिकर सांगतो, पण तिथे वेगळी गंमत होते: क्लिकर वाजेना म्हणून मुलगा क्लिकरच पुढे सरकवतो, म्हणजे खेच कमी करून घेतो. तसं करू नये. रबरबँडने दहा-पंधरा मिनिटं अंग तापवा, दोन फेऱ्यांच्या मधे हात खिशात.

टॅबचं (स्ट्रिंग खेचताना बोटांवर घालायच्या पट्टीचं) चामडं थंडीत कडक होतं आणि दव लागलं की चिकट. दोन टॅब ठेवा, एक वापरात, एक आतल्या खिशात उबेला. कंपाउंडचं रिलीजही (ट्रिगर दाबून स्ट्रिंग सोडायचं उपकरण) तसंच खिशात. त्यात साधं तेल असेल तर थंडीत ते घट्ट होऊन ट्रिगर जड लागतो. तेल पुसून ग्रॅफाइटसारखं कोरडं वंगण घाला.

सराव कुठे करायचा? दापोली-आंबोलीची जानेवारीतली पहाट सगळ्यात उत्तम. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एखाद्या बर्फाच्या कारखान्यात धनुष्य ठेवून प्रयोग करायची कल्पना कुणाला तरी सुचतेच. तिथली ओल आणि खार यांनी बोल्ट गंजतील, हाती काही लागणार नाही. पूर्ण थंडीचे कपडे घालून एसी हॉलमध्ये १८ मीटरवर मारलेले शंभर बाण जास्त उपयोगी.

परत आल्यावर

इथे कोकणवाल्यांचं जास्त नुकसान होतं. रेल्वेच्या थंड डब्यातून किंवा एसी गाडीतून आलेली केस घरी लगेच उघडली की आपल्या दमट हवेतली वाफ थंड रायझरवर, साइटच्या आट्यांत, स्कोपच्या भिंगावर पाणी होऊन बसते. केस बंदच ठेवून दोन तास खोलीत राहू द्या. मग उघडा, कोरड्या सुती कापडाने पुसा, पोलादी बोल्टांवर तेलाचा पुसट हात फिरवा. समुद्राकाठी सराव केला असेल तर आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने खार पुसून घ्या. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडीतून काढून तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परता आणि थंड झाल्यावर परत भरा.

ब्रेस हाइट पुन्हा मोजा. तिकडे दिलेले पीळ इथे उलटे काढावे लागतील. साइटची थंडीची खूण पुसू नका, वहीत तापमान आणि गावाच्या नावासह वेगळ्या ओळीत लिहून ठेवा.