गावच्या घरातला कॉम्प्युटर व्हायरसपासून आणि परक्या हातांपासून कसा सांभाळायचा

कोकणात आता बऱ्याच घरांत कॉम्प्युटर आहे. आंब्याच्या ऑर्डरी, होमस्टेचं बुकिंग, बाबांचं पेन्शन, सातबारा काढणं, सगळं त्याच्यावरच चालतं आणि तो समजणारी मुलं मात्र मुंबई-पुण्याला. मग काही अडलं की फोन जातो, "अरे हे बघ ना काय दाखवतंय", आणि मुलगा तिकडून एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) लावून नीट करून देतो. सोय खूप चांगली आहे, पण माझ्या मते खरा धोकाही इथेच आहे, व्हायरसपेक्षा जास्त. कारण आई-बाबांना सवय लागून जाते की फोनवरच्या माणसाने मागितला की स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवायचा आणि मग 'अ‍ॅक्सेप्ट' दाबायचं. भामट्याला एवढंच हवं असतं. "तुमचं लाईट बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कट होईल, या नंबरवर फोन करा" हा मेसेज आठवतोय ना? पावसाळ्यात आपल्याकडे लाईट तशीही जात-येत असते त्यामुळे तो लगेच खरा वाटतो, फोन केला की समोरचा गोड बोलून असलंच अ‍ॅप टाकायला लावतो आणि बँकेत हात घालतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. अ‍ॅप वाईट नाही, ते चोवीस तास चालू ठेवणं वाईट.

म्हणून आधी हे करा. एनीडेस्क उघडून सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत जा, तिथे इंटरअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेस असतं, ते 'एनीडेस्कची विंडो उघडी असेल तेव्हाच' असं करा. अनअटेंडेड अ‍ॅक्सेस पूर्ण बंद करा, म्हणजे नुसत्या पासवर्डवर कोणी घरात नसताना आत येणार नाही. त्याहून बरं म्हणजे ते काढूनच टाका आणि विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरा, त्यात मदत करणारा दर वेळी नवा कोड बनवतो आणि तो थोड्याच वेळात बाद होतो. भामटे क्विक असिस्टही वापरतात, त्यामुळे घरात एक नियम ठरवून टाका: फोन नेहमी आपणच मुलाला करायचा, आणि त्याच्या सेव्ह केलेल्या नंबरवरच. बाहेरून आलेल्या फोनवर, मग तो बँकेचा म्हणू दे, मायक्रोसॉफ्टचा म्हणू दे नाहीतर पोलिसांचा, कोड द्यायचा नाही आणि काही डाऊनलोडही करायचं नाही. हा नियम मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, खरंच चिकटवा.

दुसरी गोष्ट स्क्रीनभर येणारी लाल पाटी. "तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर फोन करा", वर मोठा आवाज. ते नुसतं वेबपेज असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राऊझर बंद करा, परत उघडताना जुनी पानं रिस्टोर करू नका.

आता व्हायरस. विकतचा अँटीव्हायरस घ्यायलाच पाहिजे असं नाही, विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस, डिफेंडर, आधीपासून असतो आणि घरच्या कामाला पुरतो, फक्त तो चालू पाहिजे. फुकटचं ऑफिस नाहीतर विंडोज अ‍ॅक्टिवेट करून देणारा क्रॅक टाकताना "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं सांगतात ना, तिथेच घात होतो. ज्याने कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला त्याला स्पष्ट विचारा, क्रॅक टाकलाय का.

अपडेटचं आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. लाईट जाते, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, डेटा वाचवायला कोणीतरी कनेक्शन मीटर्ड (म्हणजे कमी डेटा खाणारं) करून ठेवलेलं असतं आणि मग बरेचसे अपडेट आपोआप उतरतच नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी टाकला नाही ते सापडले. महिन्यातून एकदा चांगल्या नेटवर लावून अपडेट पूर्ण होऊ द्या, यूपीएस असेल तर उत्तम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे मशीनला झेपत असेल तर ११ वर जा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवा. विंडोज ७ वर अजून बँकेचं काम करत असाल तर आजच थांबवा.

पेन ड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानात जाऊन येतो आणि त्यातले फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात, हे तालुक्याच्या गावात फार होतं. त्यावर डबल क्लिक करू नका, आधी राईट क्लिक करून स्कॅन करा. फाईली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. प्रिंटसाठी पेन ड्राईव्ह न्यायचाच कशाला, पीडीएफ दुकानदाराला मेल करा. आणि फाईल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये फाईल नेम एक्स्टेन्शन चालू ठेवा, म्हणजे पीडीएफच्या नावाखाली लपलेली ईएक्सई (म्हणजे प्रोग्रामची) फाईल उघडी पडते.

रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं स्टँडर्ड अकाउंट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मुलाकडे राहू दे. काही इन्स्टॉल व्हायचं तर पासवर्ड मागेल आणि तिथेच मुलाला फोन जाईल.

होमस्टेवाल्यांनी हे नक्की वाचा. पाहुण्यांना आपण घरचाच वायफाय पासवर्ड देतो, म्हणजे अनोळखी फोन आणि लॅपटॉप आपल्या कॉम्प्युटरच्याच नेटवर्कवर. राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय) असेल तर ते चालू करून पाहुण्यांना तेच द्या. राऊटरचा मूळ पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राऊटरची सेटिंग्ज बदलायची सोय) बंद ठेवा.

बुकिंगची वही, गिऱ्हाईकांची यादी, घरचे फोटो यांची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, तिच्यातलंही सगळं लॉक करतो.

आणि एवढं करूनही माऊस आपोआप फिरायला लागला, तर भामट्याशी बोलत बसू नका, आधी राऊटर किंवा हॉटस्पॉट बंद करा. फोनमध्येही त्याने काही टाकायला लावलं असेल तर तो फोन फ्लाईट मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे तर इथे मिनिटं मोजावी लागतात, लाजून गप्प बसलेली माणसं इथेच मागे पडतात, आणि घरच्यांनी त्या वेळी ओरडू नये ही कळकळीची विनंती. पासवर्ड दुसऱ्या डिव्हाईसवरून बदला. कॉम्प्युटरवरून रिमोटचं अ‍ॅप काढा, डिफेंडरचा ऑफलाईन स्कॅन (विंडोज सुरू व्हायच्या आधी होणारा) लावा, आणि त्या वेळी बँकेची साईट उघडी होती असं वाटलं तर फक्त स्वतःच्या फाईली वाचवून विंडोज नव्याने टाकूनच घ्या.