गहू घराबाहेर काढताना

निदान झालं तेव्हा माझी लेक 8 वर्षांची होती. वजन 17 किलो, हिमोग्लोबिन 7.9. लोहाचं औषध दीड वर्ष चालू होतं, खाणंही बरं होतं, पण खाल्लेलं काही अंगी लागत नव्हतं. शेवटी नव्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली. पुढे एंडोस्कोपीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासले आणि कागदावर सिलिअ‍ॅक डिसीज असं आलं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडवणारा आजार. त्याला आता चार वर्षं झाली. ज्यांच्या घरात हे नुकतंच सुरू झालंय त्यांना माझ्या चुका तरी वाचवता याव्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक. शंका आली म्हणून लगेच गहू बंद करू नका. रक्त आणि एंडोस्कोपी दोन्ही होईपर्यंत मूल रोजचं जेवण जेवत राहिलं पाहिजे. गहू थांबला की टीटीजी तपासणीत मोजतात ती रक्तातली प्रतिद्रव्यं उतरू लागतात, आतडं भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही तपासणी चांगली येऊ शकते. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या. रक्ताच्या जवळच्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. माझ्या मुलाची आम्ही केली, सध्या ठीक आहे, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करायची.

आजार समजावून सांगताना मला सगळ्यात जास्त कष्ट घरातच पडले. गहू, जव आणि राय (rye, मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की या मुलांचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. अन्न शोषून घेणारे मखमलीसारखे बारीक उंचवटे तिथे असतात, ते झिजून सपाट होतात. ही ॲलर्जी नाही आणि वयानुसार जाणारीही नाही. पोट दुखलं नाही म्हणजे चाललं, असंही नसतं, आतडं गुपचूप बिघडत राहतं. सासूबाईंना हे पटेना. "गव्हानं कधी कुणाला काही झालंय का?" मग मी त्यांना डॉक्टर विलेम डिके यांची गोष्ट सांगितली. हॉलंडमधले हे बालरोगतज्ज्ञ. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. इतर मुलं खंगत होती, पण या आजाराची मुलं सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. गव्हाबद्दलची त्यांची जुनी शंका त्यातून पक्की झाली आणि 1950 मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी पोळी सणालाच असायची. रोज भाकरीच."

आम्ही सोलापूरचे. मालदांडी ज्वारी इथे घरोघर. त्यामुळे मला वाटलं, पोळी बंद, भाकरी सुरू, झालं. सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा केली तर आकडा जेमतेम उतरलेला. मी रडले. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "पीठ कुठे दळता?"

गिरणीत. जिथे दिवसभर गहू दळला जातो त्याच गिरणीत. आधीच्या माणसाच्या गव्हाचं पीठ दगडांच्या फटीत, तोंडाला बांधलेल्या कापडात, खालच्या डब्यात असतंच, आणि ते आपल्या ज्वारीत उतरतं. आपल्याकडे ग्लुटेन-फ्री लिहिण्यासाठी एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा आहे किलोला 20 मिलिग्रॅम ग्लुटेन. गव्हाच्या पिठात ग्लुटेन ढोबळमानाने दहावा हिस्सा धरलं, तर 1 किलो ज्वारीच्या पिठात गव्हाचं पीठ 0.2 ग्रॅम झालं की मर्यादा संपली. गिरणीतल्या हवेत उडणारं पीठ आठवून बघा.

म्हणून खर्चाची सोय करून घरघंटी घ्या आणि त्यात गहू एकदाही घालू नका. वापरलेली, जुनी घरघंटी स्वस्त मिळते, पण तिच्यात आधी गहू दळलेला असणार, ती घेऊ नका. तोवर मिक्सरमध्ये थोडं थोडं दळून नव्या चाळणीनं चाळा, किंवा ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पाकीटबंद पीठ वापरा. बेसनसुद्धा सुटं आणू नका, हरभऱ्याची डाळ आणून घरी दळा. आणि दळायच्या आधी धान्य निवडा. दुकानात एकच मापटं सगळ्या पोत्यांत फिरतं, ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. आमच्याकडे आजी आणि नात रविवारी ताट घेऊन बसतात. लेकीची नजर आता माझ्यापेक्षा तयार आहे.

गिरणी सुटली आणि पुढच्या तपासणीत आकडा निम्म्यावर आला. वर्षभरात तो ठीक झाला, हिमोग्लोबिन 11 च्या वर गेलं.

स्वयंपाकघरात काय बदलायचं? लाकडी पोळपाट-लाटणं, कारण लाकडात पीठ मुरतं. चाळणी, कारण तिच्या जाळीतून पीठ कधीच पूर्ण निघत नाही. बिडाचा तवा, उलथनं, पोळ्यांचा डबा आणि त्यातलं फडकं. स्टीलची परात आणि पातेली स्वच्छ घासली की चालतात. ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते म्हणजे तुपाची वाटी, लोणच्याची बरणी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. पोळीला लागलेला चमचा त्यात परत गेला की कण आत राहिला. तिच्यासाठी या तिन्हींचे वेगळे डबे करा, झाकणाला लाल दोरा बांधा.

हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर नक्की वाचा. बाजारातल्या पुष्कळशा हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मला हे कळलं तेव्हा आमची रोजची आमटी दोन महिने त्याच फोडणीची झाली होती. तांदळाचं पीठ किंवा नुसता डिंक घातलेला हिंगही मिळतो, तो आणा. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींत जवाचा माल्ट असतो. नाचणीचं म्हणून विकलेल्या बिस्किटात पहिला घटक पुष्कळदा मैदा किंवा कणीकच असते. "खपली गहू पचायला हलका, तो चालतो" असं मला किमान दहा जणांनी सांगितलं. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, तो अजिबात चालत नाही. सातूचं पीठ, लापशी, शेवया, कुरडई हेही गेलं. कुरडई तळलेल्या तेलात नंतर पापड तळला तर तोही गेला.

पहिलं वर्ष आम्ही तिच्यापुरतं वेगळं आणि बाकीच्यांना पोळी असं चालवलं. दोन परातींत दोन पिठं, आधी तिचं करून झाकून ठेवायचं, मग पोळ्या, मग ओटा पुसायचा. ज्यांना घरातून गहू काढणं शक्य नाही त्यांनी याच क्रमानं करावं, होतं. पण माझा जीव सतत टांगणीला असायचा, आणि ती पोळीच्या डब्याकडे बघायची ते मला बघवायचं नाही. एके दिवशी ह्यांनीच सांगितलं, "मला पोळी हवी तर मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खाईन." त्या दिवसापासून घरात कणीक आली नाही. माझं ठाम मत आहे की जमत असेल तर हेच करा. एका लेकराला वेगळं ताट वाढण्यापेक्षा सगळ्यांचं ताट सारखं केलं की स्वयंपाकही निम्मा होतो.

शाळेच्या डब्याला भाकरी कडक होते, त्यासाठी उकड काढा. एक वाटी पाणी, मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळायचं, गॅस बंद करून एक वाटी ज्वारीचं पीठ घालून ढवळायचं, दहा मिनिटं झाकायचं. कोमट असताना पाण्याचा हात लावून भरपूर मळा आणि ज्वारीच्याच पिठावर लाटा. फुलके दुपारपर्यंत मऊ राहतात. पीठ ताजं हवं, आठवड्याहून जुन्याची विरी जाते आणि कडा फाटतात. आलटून पालटून बाजरी आणि नाचणी आणा. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं आणि या मुलांच्या हाडांना ते हवंच. थालीपिठाची भाजणी घरीच करा, विकतच्या भाजणीत बहुधा गहू असतो. वडे-घावनांची विकतची पिठंही तशीच तपासून घ्या.

कोकणातल्या माझ्या जावेनं मला तांदळाच्या रव्याचं सांदण आणि खांडवी शिकवली, त्यावर आमचे वाढदिवस निघतात. उपवासाच्या दिवशी तर आमच्याकडे काहीच प्रश्न नसतो. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा सगळं तिचंच. होळीला पुरण तांदळाच्या धिरड्याबरोबर वाढते, सोबत कटाची आमटी.

प्रसादाचा प्रश्न मात्र खराच अवघड होता. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. "प्रसादाला नाही म्हणू नये, कणभर तरी घे," असं म्हणत शेजारच्या काकूंनी तिच्या हातावर ठेवला. तिनं तो मुठीत धरून घरी आणला आणि मला दिला. त्यानंतर मी प्रत्येक पूजेच्या आधी यजमानीणबाईंना फोन करते, "तिला फक्त केळं आणि तीर्थ द्या." केलेल्या फोनचा कुणी राग धरला नाही. आमच्या घरच्या पूजेला शिरा तांदळाच्या रव्याचा असतो, सव्वाच्या मापानं, आणि गुरुजींनी त्याला काही हरकत घेतली नाही.

शाळेत वर्गशिक्षिकेला एका कागदावर चार ओळी लिहून द्या: डबा वाटून खाणार नाही, वाढदिवसाचा केक खाणार नाही, तिचा खाऊचा डबा कपाटात ठेवला आहे, मळून खेळायच्या रंगीत मातीत पीठ असतं म्हणून नंतर हात धुवायला लावा. औषधाच्या दुकानातही दर वेळी विचारा, काही गोळ्यांत गव्हाचा स्टार्च असतो.

लग्नकार्यात मी पंगतीच्या आधी आचाऱ्याला गाठते. पुऱ्यांच्या तेलातलं काही नको, भाजी-आमटी नको. भाताचं पातेलं उतरलं की त्यात दुसरा डाव जायच्या आधी तिची वाटी भरून द्या, एवढंच मागते. वरण आणि तूप मी घरून आणलेलं असतं. या मे महिन्यात मावसभावाच्या लग्नात मी आचाऱ्याला शोधायला निघाले तर लेक आधीच तिथे उभी होती, हातात स्वतःची वाटी घेऊन, "काका, पहिला डाव माझा" असं सांगत.