फौजी आजोबांची स्मरणिका: आधी पदकाची कड वाचा

वर्षश्राद्धाला आजोबांवर छोटी पुस्तिका काढायची ठरली की घरातलं कुणीतरी मोबाइलवर पन्नास प्रश्नांची यादी पाठवतं. 'त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा क्षण कोणता?' वगैरे. ती यादी आधी पुसून टाका. असल्या प्रश्नाला आजोबांनीसुद्धा 'चाललंय की' म्हणून पेपर उघडला असता. माझ्या आजोबांपासून सुरुवात करून ठाण्यातल्या नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच घरांसाठी मी हे काम केलंय. ते अडतं नेहमी एकाच ठिकाणी. तिथे सावकाश जाऊ, बाकीचं झटपट उरकू.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. काळ्या कागदावर चिकटलेले फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

कागदांत शोधायचं ते डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळालेली नोकरीची नोंदवही), पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आणि पत्रं. आर्मी नंबर कुठेतरी सापडतोच, तो पाठ करून टाका. कागद गहाळ असतील तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला वारसाच्या पुराव्यासह अर्ज करावा लागतो: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, तोफखान्यासाठी नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्ससाठी (फौजेतले इंजिनिअर) खडकी. अर्ज कसा करायचा ते ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी.

आता अवघड भाग. घरात सांगितलं जातं ते आणि कागदावर असतं ते जुळत नाही. मी पहिल्यांदा इथेच अडकले आणि कितीतरी दिवस पान पुढे सरकेना. काका सांगायचे, १९७१ च्या युद्धात आजोबा ढाक्याला होते, पाकिस्तानी फौजेची शरणागती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. आत्या म्हणायची, ते तेव्हा पंजाबात होते. दोघंही शपथेवर सांगणार, आणि दोघंही त्या वेळी शाळेत!

अशा वेळी पदकं काढा. खिडकीशी पदक आडवं धरून हळूहळू फिरवा, म्हणजे तिरप्या उजेडात कडेवरची बारीक अक्षरं दिसू लागतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आमच्या आजोबांच्या पदकावर नावाची शेवटची दोन अक्षरं जवळजवळ बुजली होती, कारण दर २६ जानेवारीला ते स्वतः ब्रासोने घासायचे. तुम्ही घासू नका. चकाकी येते आणि नाव जातं.

मग पदक कोणतं ते बघा. इथे लोक हमखास फसतात. १९६५ चं रक्षा पदक त्या काळात नोकरीत असलेल्यांना सरसकट मिळालं, आणि १९७१ चं संग्राम पदकही प्रत्यक्ष लढलेल्यांपुरतं नव्हतं. माणूस आघाडीवर असो की डेपोत. १९६५ ला लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना समर सेवा स्टार. १९७१ ला पूर्वेकडे पूर्वी स्टार, पश्चिमेकडे पश्चिमी स्टार. म्हणजे फक्त संग्राम पदक असेल तर ढाक्याची गोष्ट जपून लिहा. पश्चिमी स्टार असेल तर आत्या जिंकली. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची पट्टी असते, तिच्यावर प्रदेशाचं नाव असतं. तेही टिपून ठेवा. १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं पदक असेल तर १५ ऑगस्टला ते नोकरीत होते हे पक्कं.

पत्रांचा मजकूर नंतर वाचा, आधी पत्ता आणि शिक्का. एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. '५६ एपीओ'ची टपाल दिल्लीमार्गे जायची, '९९ एपीओ'ची कलकत्तामार्गे. त्यावरून देशाची कुठली बाजू एवढं कळतं. शिक्क्यावरची तारीख मात्र सोनं.

आजीला साल विचारू नका. साल विचारलं की ती बिचारी गोंधळते आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगून टाकते. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते घरी होते का?' असं विचारा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट साताऱ्याकडचं माणूस विसरत नाही. पानशेत फुटलं १९६१ च्या जुलैत. बहात्तरचा दुष्काळ. कुणाचं बारसं, कुणाचं लग्न. युद्धात खिडक्यांना काळे कागद लावले होते तेव्हा मनीऑर्डर कुठून यायची? अशी एकेक खूण ठोकत गेलात की सालं आपोआप जागेवर बसतात.

आणि तरीही काही जुळलं नाही, तर? मोडतोड करून जुळवू नका. एका वहीत तीन रकाने आखा: कागद सांगतो ते, कुणी पाहिलेलं, कुणी ऐकलेलं. पुस्तिकेत तिन्ही येऊ देत, पण वाक्यातून फरक कळला पाहिजे. 'ते ढाक्याला होते' आणि 'ते ढाक्याला होते असं थोरले काका सांगतात' यांत फरक आहे, आणि दुसऱ्या वाक्याने काकांचा अपमान होत नाही. उलट पुढे नातवाने रेकॉर्ड मागवलं तर तोंडघशी पडायची वेळ येत नाही. आजोबा ज्याबद्दल कधी बोलले नाहीत, तिथे सिनेमातला धूर आणि गोळीबार भरू नका. 'याबद्दल ते बोलत नसत' एवढं लिहा आणि पुढे जा.

दुसरी हमखास चूक म्हणजे सगळी पानं लढाईला देणं. बहुतेकांची फौजेतली वर्षं पंधरा-वीस. उरलेलं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून गेलेलं असतं. खाकी बदलली, पण पहाटे उठून दाढी करणं चुकलं नाही, कामगारांची सायकल कुठे लावायची यावरून वाद घालणं सुटलं नाही. तळावपाळीला संध्याकाळी कोण भेटायचं, पेन्शनच्या दिवशी घरी काय यायचं, हे लिहा. याचे साक्षीदार अजून हयात आहेत. त्यांना आधी गाठा, रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर नंतर आलं तरी चालेल.

छपाई सोपी. पानसंख्या चारच्या पटीत ठेवा, मधोमध पिन मारता येते. छापखान्यात मजकूर युनिकोडमधून (मोबाइलवर टाइप होतं ते) श्रीलिपीत (छापखान्यांची जुनी फॉन्टपद्धत) बदलणार असतील तर प्रूफ स्वतः वाचा. जोडाक्षरं तिथेच फुटतात, आणि सर्वांत आधी फुटतं ते पलटणीचं नाव. 'रेजिमेंट', 'इन्फंट्री', 'सुभेदार' हे शब्द बोट ठेवून तपासा. प्रती काढताना पाहुण्यांच्या संख्येवर थोड्या जास्तच काढा. एक गावच्या वाचनालयाला, एक त्यांच्या पलटणीतल्या हयात मित्राला. मित्राची प्रत पोस्टाने पाठवू नका, शक्य असेल तर हातात नेऊन द्या. वाचून झाल्यावर तो दोन-तीन तारखा दुरुस्त करून देतो. म्हणून छापण्याआधी जाणं जास्त शहाणपणाचं.